पायरीवरचं पाणी

चित्रपट एक तास बावन्न मिनिटांचा होता. हे मी सुरुवातीलाच पाहून घेतलं, कारण दोन वाजले होते आणि चार वाजता बाबांना चहा लागतो. एप्रिलचं ऊन होतं, कूलर सुरू होता. कूलरच्या घरघरीतून बोलणं ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज मी बावीसवर नेला.

आमच्याकडे चित्रपट ऐकला जातो. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण आतला पडदाच खराब निघाला. दुसऱ्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस हलला तर कळतो, चेहरा कळत नाही. म्हणून ते खुर्चीत बसून ऐकतात आणि मी बाजूच्या खाटेवर बसून काय दिसतं ते सांगतो. माझं मत त्यांना चालत नाही. एकदा मी "बिचारा रडून राहिला" असं म्हणालो, तर म्हणाले, "बिचारा आहे का नाई ते मी पाहीन. तू रडून राहिला एवढंच सांग."

हे काम मला जमतं. धान खरेदी केंद्रावर मी प्रतवारी करतो. पोत्यातून मूठभर धान काढायचं, यंत्रात घालायचं, ओलावा किती ते वाचायचं. सतरा टक्क्यांच्या वर गेला की वाळवून आणायला सांगायचं. साडेसतरा असेल तर मी साडेसतरा सांगतो, समोर कोणीही असो. त्यामुळे आजूबाजूच्या गावांत लोक माझं नाव फारसं प्रेमाने काढत नाहीत. पण माझ्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही, आणि बाबा तर नाहीच नाही.

हा चित्रपट माझ्या मुलीने सांगितला होता. ती नागपूरला शिकते. फोनवर म्हणाली, "शेवट काय झाला ते समजलं तर मलेही सांगा." मला वाटलं, गंमत करते.

त्या आठवड्यात माझ्यासमोर दुसराही एक प्रश्न होता, आणि तो आधी सांगायला हवा. माझा मोठा भाऊ नऊ वर्षांपूर्वी सिहोऱ्याकडे सासरी राहायला गेला. सासऱ्यांना मुलगा नव्हता, शेती पाहायला कोणी नव्हतं. बाबांच्या लेखी मोठा मुलगा घरजावई होणं म्हणजे बापाला गावात मान खाली घालायला लावणं. सासरी गेल्यानंतर दादा पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला पाणी देऊ दिलं नाही.

आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. दिवसा आमच्या गावात दारं लावत नाहीत, त्यामुळे दार उघडण्याचा किंवा बंद करण्याचा प्रश्न येत नाही. पाहुणा अंगणात आला की घरातलं माणूस गडवाभर पाणी आणून पायरीवर ठेवतं. तो पाय धुतो आणि आत येतो. पाणी आलं नाही तर दार सताड उघडं असूनही आत यायचं नाही. दादा त्या दिवशी पंधरा-सोळा मिनिटं अंगणात उभा होता. आई तेव्हा नुकतीच गेली होती. माझी बायको गडवा घेऊन निघाली, तर बाबा एवढंच म्हणाले, "ठेव तो खाली." तिने ठेवला. मीही काही बोललो नाही. दादा कोरड्या पायांनी परत गेला.

त्यानंतर नऊ वर्षांत मी त्याला तेरा वेळा भेटलो. दरवेळी अड्याळला, बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर.

आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्याला पत्रिका हाताने द्यावी लागते, दुसऱ्याकडून पाठवून चालत नाही. दादाने सोमवारी फोन केला. म्हणाला, "रविवारी येतो म्हणतो. पण आधी बुढ्याले इचार. यावं तं येतो, नाई तं मी काई पुन्हा अंगणात उभा राहत नाई. शनिवारपर्यंत सांग."

मी सोमवारीच विचारलं. बाबा म्हणाले, "मले काय इचारतेस." मी म्हणालो, "तुमालेच इचारायचं आहे." ते म्हणाले, "कूलरमध्ये पाणी टाक."

चित्रपट पाहिला तो मंगळवार होता.

चित्रपटातला म्हातारा तिकडचा, पश्चिमेकडचा, कोरड्या माळावरच्या गावातला. त्याच्या विहिरीला पाणी होतं आणि गावात बाकी कुठे नव्हतं. तो रोज संध्याकाळी विहिरीचा दोर गुंडाळून घरी न्यायचा, कोणी पाणी काढू नये म्हणून. खाटेवर पडलेल्या आजारी बायकोला तो आमटी खारट झाली म्हणून बोलला. शेजाऱ्याची शिडी मागून आणली आणि परत दिली नाही. धाकट्या भावाची बायको वारली तेव्हा मातीला गेला नाही. अख्ख्या चित्रपटात तो एकदाच कोणाशी नीट बोलला, आणि तो बैल होता.

माझी बायको चिंच फोडत दारापाशी बसली होती. ती म्हणाली, "असा माणूस घेऊन कोनी पिक्चर काढते का? दोन तास याचं थोबाड पाहा."

"काय वाईट केलं त्यानं?" बाबा म्हणाले. "विहीर त्याची, दोर त्याचा."

"आन् आमटी कोनाची होती, मामाजी?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.

मी एका गोष्टीची वाट पाहत होतो. असा माणूस दाखवला की पुढे कधीतरी कारण सांगतात. लहानपणी हाल झाले, कोणी फसवलं, असं काहीतरी. मग पाहणाऱ्याचं मन थोडं सैल होतं. इथे एक तास चाळीस मिनिटं झाली तरी कारण आलं नाही. तो तसा होता, एवढंच. मला ते आधी खटकलं, नंतर बरोबर वाटलं. धान ओलं का राहिलं याची कारणं मी रोज ऐकतो. कारण ऐकून आकडा बदलत नाही. पण माणूसही आकड्यासारखाच असतो का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं आणि आजही पक्कं सांगता येत नाही.

शेवटी त्या धाकट्या भावाचा निरोप येतो की मी भेटायला येतो आहे. म्हातारा निरोप आणणाऱ्याला काहीच उत्तर देत नाही. मग दुपार. म्हातारा खाटेवर.

"काय करून राहिला?" बाबांनी विचारलं.

"बसला आहे."

"दार?"

"लावलेलं आहे."

"भर दुपारी दार कायले लावलं? चोर आहे का तो?"

"तिकडे लावत असतील."

मग बाहेरचं अंगण दिसलं, थोडा वेळच. पुन्हा आतली खोली. दारावर थाप पडली. ती बाबांनाही ऐकू आली. म्हातारा उठला. दुसरी थाप. तो चालत दारापर्यंत आला आणि थांबला. त्याचा हात दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पडदा काळा झाला. काळ्या पडद्यावर तिसरी थाप ऐकू आली. मग नावं वर सरकू लागली.

"उघडलं का?" बाबांनी विचारलं.

"दाखवलं नाही."

"तुले दिसते ना?"

"मले दिसते, पण त्यांनीच दाखवलं नाही."

बाबांनी कान टीव्हीकडे केला. कूलरचा आवाज तेवढा होता. मग म्हणाले, "बाहेरचं अंगण दाखवलं म्हणाला होता तू. पाणी ठेवलं होतं का तिथं?"

मी म्हणालो, "नाही. अंगण रिकामं होतं."

"बरं," बाबा म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. चहाला अजून आठ मिनिटं होती, पण ते थांबले नाहीत. भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले.

मुलीला मी रात्रीच्या जेवणाआधी फोन केला. शेवट दाखवलाच नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, त्याले ओपन एंडिंग म्हणतात. तुमाले जे वाटते ते." मी म्हणालो, "मला काही वाटत नाही, मला माहिती पाहिजे." ती बराच वेळ हसली.

बुधवार आणि गुरुवार बाबा जवळजवळ बोललेच नाहीत. बुधवारी मी पुन्हा रविवारचं विचारलं. त्यांनी मान वळवली. गुरुवारी दुपारी टीव्ही लावू का विचारलं, तर नको म्हणाले. जेवण अर्धं. बायकोला वाटलं, ऊन लागलं असेल. तिने कैरीचं पन्हं केलं, ते मात्र प्यायले.

शुक्रवारी सकाळी ती भांडी घासत होती आणि मी नळाखाली बादली लावून उभा होतो. मी सहज म्हणालो की बाबांनी त्या पिक्चरचं भलतंच मनावर घेतलेलं दिसतं, पाणी होतं का एवढंच विचारलं आणि तेव्हापासून गप्प आहेत.

"मंग तुमी काय सांगतलं?"

"अंगण रिकामं होतं म्हणून सांगितलं."

तिचा हात थांबला. "रिकामं काहून सांगतलं? पायरीवर कळशी होती ना. पितळेची. मी तं म्हणतच होती मनात, घासली चांगली आहे."

मी टीव्ही लावला. शेवटाकडे गेलो. अंगण चार सेकंद दिसतं. समोर मोकळी जागा, उजवीकडे कुंपण, आणि डावीकडच्या कोपऱ्यात पायरी. पायरीवर कळशी होती.

मी ती मंगळवारीही पाहिली असणार. डोळ्यांसमोरून गेलीच होती. पण सांगताना मी माणसं मोजली. माणूस नव्हता म्हणून रिकामं म्हणालो. बत्तीस वर्षं मी आकडे वाचतो आहे. चुकीचा आकडा सांगितला असं मला आठवत नाही. आणि इथे ज्या माणसाने फक्त माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला, त्याला तीन दिवस मी चुकीच्या उत्तरासोबत ठेवलं होतं.

मी बाबांच्या खोलीत गेलो. "बाबा, मंगळवारी मी चुकीचं सांगितलं. पायरीवर कळशी होती."

ते खाटेवर पडून होते. उठून बसले. "भरलेली का रिकामी?"

"तेवढं दिसत नाही."

"मंग पाह्य ना. सांगतेस कायले अर्धं?"

मी परत गेलो. चित्र थांबवून टीव्हीच्या अगदी जवळ उभा राहिलो. चित्र खालून घेतलेलं होतं, कळशीच्या तोंडातलं पाणी दिसणं शक्य नव्हतं. पण कळशीच्या बुडाभोवती पायरीचा दगड काळसर होता. बोटभर रुंद काळसर पट्टा, आणि एका बाजूला ओघळ. ती सावली नव्हती. सावली कुंपणाची उजवीकडे पडली होती, हा ओघळ डावीकडे होता. ओलं काय आणि कोरडं काय हे मला ओळखता येतं. दगड ओला होता. म्हणजे कळशी भरलेली होती, आणि ठेवताना सांडली होती.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "केव्हा ठेवली?"

याचं उत्तर चित्रपटात नव्हतं. मी दुपारी दोन वाजता आमच्या पायरीवर अर्धा गडवा पाणी ओतलं आणि घड्याळ घेऊन सावलीत बसलो. बायको येऊन पाहून गेली. म्हणाली, "शेजारचे पाहतील तं म्हणतील, याले लागलं ऊन." पायरी नऊ मिनिटांत कोरडी झाली. आत जाऊन मी बाबांना सांगितलं की आपली पायरी सिमेंटची, त्याची दगडाची, फरक पडेल, पण पाव तासाच्या आतलंच पाणी होतं ते. भाऊ येण्याच्या जरा आधी ठेवलेलं.

"घरात दुसरं कोनी?"

"नाही. त्याची आजारी बायको मधेच वारली. तो एकटाच."

"म्हणजे त्यानंच ठेवलं."

"दुसरं कोणी दाखवलं नाही. एवढंच मी सांगू शकतो."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पाणी ठेवलं म्हणजे दार उघडलं असं थोडीच. पाय धू आन् जा वापस, असंही असते लोकाचं. तोंड न दाखवता पुण्य."

"तू गप बस," बाबा म्हणाले. पण त्या दिवशी ते पूर्ण जेवले.

शनिवारी सकाळी दादाचा फोन आला. मी ठरवलं होतं की जे आहे ते सांगायचं.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले नाहीत."

"मंग नाई म्हणाले."

"नाहीही म्हणाले नाहीत. मी तीनदा विचारलं. सोमवारी कूलरमध्ये पाणी टाक म्हणाले. बुधवारी मान फिरवली. काल रात्री विचारलं तर म्हणाले, बस कितीला येते."

दादा म्हणाला, "तू अजूनही ओलावाच मोजून राहिला, बाबू. तुले काय वाटते ते सांग ना एकदा तरी."

मला हे कोणी कधी विचारत नाही. मी म्हणालो, "मला वाटतं, ये." आणि फोन ठेवल्यावर लगेच वाटलं की हे मी कशाच्या जोरावर बोललो. एका कळशीच्या.

रविवारी दादा पहाटे निघून, भंडाऱ्याला बस बदलून, साडेदहाच्या सुमारास येणार होता. दहा वाजता मी पायरी पाहिली. काही नव्हतं. दहा वीसला पुन्हा पाहिली. काही नव्हतं. बाबा खोलीत होते. बायको हळू आवाजात म्हणाली, "तुमीच ठेवून द्या ना गडवा. घर तुमचंही आहे."

"ते पाणी माझं होईल."

"होऊ द्या."

"त्याला वाटेल बाबांनी ठेवलं. ते खोटं होईल."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "त्या दिवशी मी गडवा खाली ठेवला," ती म्हणाली, "तुमी तं उचललाही नव्हता." आणि स्वयंपाकघरात गेली.

दादा दहा चाळीसला आला. हातात पिशवी, पिशवीत पत्रिका. नऊ वर्षांत त्याचे पुढचे केस गेले होते, ते मला माहीत होतं, पण आमच्या अंगणात उभा असताना ते जास्त गेलेले दिसले. तो पायरीपासून पाच-सहा हातांवर थांबला. पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दार उघडं होतं. मी दारात होतो. मी मोजलं नाही, पण बराच वेळ गेला.

तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "मामाजी, माठातलं कायले घेऊन राहिले? ते पेयाचं आहे. पायाले टाकीतलं घ्या ना."

मी मागे वळलो. बाबा भिंतीला डावा हात लावून येत होते. उजव्या हातात गडवा. पाणी हिंदकळत होतं, त्यांच्या धोतरावर सांडलं होतं, आणि माठापासून दारापर्यंत सगळ्या घरात पाण्याची रेघ पडली होती. मी गडवा घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. पायाने चाचपत उंबरा ओलांडला, वाकले, आणि गडवा पायरीवर ठेवला. तोवर तो अर्धाच उरला होता.

"कोन आहे?" ते म्हणाले. त्यांना माणूस कळतो, चेहरा कळत नाही.

"मी आहो," दादा म्हणाला.

"बस दहा वीसची होती ना. एवढा वेळ कुठं होता?"

"उशिरा आली बस."

"पाय धू. पाणी थंड आहे." मग आत वळता वळता म्हणाले, "आन् धूळ आणू नको घरात."

दादाने पाय धुतले. अर्ध्या गडव्यात एकच पाय नीट धुतला जातो, दुसरा त्याने ओल्या हाताने पुसला. बायकोने बादली आणली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे, झालं."

पत्रिका बाबांनी हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि माझ्याकडे देऊन वाचायला लावली, शेवटच्या ओळीपर्यंत. नवऱ्या मुलाच्या गावाला तलाव कोणता, धान कोणतं, हे विचारलं. घरजावई हा शब्द निघाला नाही. माफीचाही निघाला नाही, कोणाच्याच तोंडून. जेवताना त्यांनी दादाच्या भाताला ताक जास्त झालं म्हणून सुनावलं, ताटात न पाहता, वाढल्याच्या आवाजावरून.

जेवण झाल्यावर बायकोने दादाला पायरीवरच्या माझ्या घड्याळाची गोष्ट सांगितली. त्यामुळे तो पिक्चर पुन्हा लावावा लागला. पूर्ण नाही, शेवटची बारा मिनिटं. दादा खाटेवर माझ्या जागी बसला आणि बाबांना सांगायचं काम त्याच्याकडे गेलं. तो माझ्याइतकं नीट सांगत नव्हता. मधेच मतं घालत होता. बाबांनी एकदाही टोकलं नाही.

पडदा काळा झाला, तिसरी थाप ऐकू आली. बाबांनी विचारलं, "तुले काय वाटते? उघडलं का त्यानं?"

"नाई," दादा म्हणाला. "असे लोक नाई उघडत."

"काहून?"

"स्वभाव असते एकेकाचा."

बायको चिंचा फोडता फोडता थांबली. मी कूलरकडे पाहत राहिलो.

"तुले काई समजत नाई," बाबा म्हणाले. "मागं ने तो पिक्चर. कळशीपासून सांग परत."